पैलवानांचे कलात्मक फोटो काढायचे तर कृष्णधवल काढावेत का? तालमीत लाइट न्यावेत का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. मी अकरा वर्षं मातीत खेळलो, गुडघा गेल्यावर कुस्ती सुटली, आता कोल्हापुरातच फोटोग्राफी करतो.

तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात. तासभर लढत झाली की घामानं ती अंगाला बसते, अंग आणि हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, एकाच रंगाचे होतात. कृष्णधवलमध्ये ती सगळी राख दिसते. म्हणून रंग ठेवा. तालमीत पहाटे एखादी ट्यूब आणि झरोक्यातला उजेड असतो, तेवढा पुरतो. ट्यूबखाली शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येतात. फ्लॅश मुळीच नको. डोळे दिपले त्याच क्षणी समोरच्यानं पाय ओढून पट काढला तर मानेवर पडायला वेळ लागत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला मीही पोरांना तेल लावून, दंड फुगवून उभं करायचो. एक फोटो आमच्या वस्तादांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरगं झ्याक दिसतंय, पण ह्याचे पाय कुठायत?" मी गुडघ्याखाली फ्रेम कापली होती. तेव्हापासून मी पायांपासून बघायला लागलो. कुस्ती वजनाची असते. ढाक हा डाव मारायच्या आधी वजन एका पायावर येतं, अंगठा मातीत रुततो. कलाजंग डावात समोरचा खांद्यावर आला की सगळा भार गुडघ्यांवर उतरतो. प्रेक्षक हवेतला पैलवान बघतात, फोटोही बहुतेक तेवढेच निघतात. तुम्ही त्याच्या अर्धा क्षण आधीचा घ्या. स्नायू सगळ्यांच्याच फोटोत असतात, वजन क्वचित दिसतं.

कोल्हापूरचं खासबाग हे कुस्तीचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते १९१२ मध्ये सुरू झालं. ते बशीसारखं खोलगट आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. पण वरून फोटो काढले तर नुसत्या पाठी येतात. परवानगी मिळाली तर हौद्याजवळ खाली बसा.

आणि पैलवानाचं आयुष्य म्हणजे फक्त लढत नव्हे. रेवड्यांवरच्या, म्हणजे इनामात नुसत्या रेवड्या मिळणाऱ्या, लहानपणीच्या कुस्त्यांपासून सुरू होतं, मग जत्रांचा हंगाम, इनाम, पुढची जोड कुणाशी लागते याची काळजी. इनाम मिळेल तेव्हा मिळतं, खुराक मात्र रोज लागतो. माझ्या गावाहून एसटीनं तुपाचा डबा यायचा, त्या तुपासाठी घरात दूध कमी प्यायचे. तालमीतल्या खोलीत फडताळावर असे डबे ओळीनं असतात. त्यांचा फोटो काढा. हरलेला पैलवान शर्टाची बटणं लावत गर्दीतून निघतो, त्याचाही काढा, पण त्याला विचारून.

तालीम गंगावेश असो, मोतीबाग असो, आधी वस्तादांना भेटा. चप्पल बाहेर, मातीला हात लावून मग कॅमेरा. लंगोटावरचे फोटो कुठं लावणार आहात ते पोरांना स्पष्ट सांगा, आणि प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या. मी खेळत असतानाचा माझ्याकडे एकच फोटो आहे, जत्रेतला. तो काढणारा माणूस पुढच्या महिन्यात गावी आला होता, आईच्या हातात देऊन गेला.