मोबाइल समोर आला की बोली का लपते?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या गावी (ता. दर्यापूर, जि. अमरावती) वऱ्हाडी बोलीचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी आला होता. एरवी ‘मले’, ‘तुले’, ‘काय करून राह्यली’ असे सहज बोलणाऱ्या माझ्या सासूबाई त्याने मोबाइल समोर ठेवताच ‘मला’, ‘तुला’ म्हणू लागल्या आणि शेवटी ‘आमाले शुद्ध बोलता येत नाई, शिकलेल्या मानसाले इचारा’ असे सांगून उठून गेल्या. तो पुन्हा येणार आहे. आम्ही भाग घ्यावा का, आणि घेतला तर त्यात आमचे स्थान काय?
— एक वाचक

उत्तर : भाग अवश्य घ्यावा, कारण या अभ्यासात जाणकार आहेत त्या तुमच्या सासूबाईच. त्यांचे अवघडणे स्वाभाविक आहे. कोणी लक्ष देत नसताना माणसे कशी बोलतात हे अभ्यासकाला हवे असते, पण ते मिळवण्यासाठी त्याला लक्ष द्यावेच लागते. हा पेच अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी १९७२ मध्ये नेमका मांडला. न्यूयॉर्कमधील मुलाखतींत ते लोकांना जिवावर बेतलेला प्रसंग विचारीत, कारण सांगणारा त्या आठवणीत गुंतला की भाषेवरचा त्याचा पहारा सैल होई. तुमच्या घरी कापूसवेचणीच्या आरंभी होणाऱ्या सीतादहीविषयी विचारले तरी पुरे. मात्र तो प्रश्न नातवाने विचारावा आणि विद्यार्थ्याने बाजूला बसून ऐकावे. मोबाइल लपवून ध्वनिमुद्रण करणे हा यावरचा उपाय नव्हे. बोलणाऱ्याची संमती आधी घेतलीच पाहिजे.

‘शुद्ध’ या शब्दाबद्दल त्यांच्याशी सविस्तर बोला. प्रमाण मराठीत जिथे ‘ला’ लागतो तिथे वऱ्हाडीत ‘ले’ लागतो, आणि तो नियमाने लागतो : मले, तुले, रामाले. ज्यात नियम आहे त्याला चूक म्हणता येत नाही, आणि हा नियम सासूबाई रोज, एकदाही न अडखळता पाळतात.

यापुढचे काम महत्त्वाचे असूनही सहसा वगळले जाते. ध्वनिमुद्रण कागदावर उतरल्यावर ते सासूबाईंना वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. त्या ‘डोया’, ‘काया’ म्हणाल्या असतील आणि बाहेरच्या लेखनिकाने सवयीने ‘डोळा’, ‘काळा’ लिहिले असेल, तर ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याचे जे वैशिष्ट्य टिपायचे तेच पुसले गेले. ही चूक हटकून पकडणारे कान त्यांचेच आहेत. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतातील भाषांच्या सर्वेक्षणासाठी (मराठीचा खंड १९०५) जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत बायबलमधील एका कथेची बोलीरूपे गोळा करण्यात आली. ते काम मोठे आहे आणि त्यात स्थानिक गोष्टी व गाणीही आहेत, तरी ठरवून दिलेल्या मजकुरात बोलणाऱ्याला स्वतःचे सांगण्यास फारसा वाव नव्हता. आज तो देता येतो : पऱ्हाटी (कपाशी), डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी), तिफन (पेरणीचे अवजार) यांतले काय सांगायचे हे सासूबाईंनीच ठरवावे.

१९८२ मध्ये लबॉव यांनीच असेही लिहिले की ज्या समाजाकडून अभ्यासकाने भाषेची माहिती घेतली, त्या समाजाचे ऋण त्याच्यावर असते आणि गरज पडेल तेव्हा ते ज्ञान त्या समाजाच्या उपयोगी पडले पाहिजे. म्हणून ध्वनिमुद्रणाची एक प्रत मागून घ्या, छापताना नाव द्यायचे की नाही हे सासूबाईंना विचारायला सांगा, आणि नको वाटल्यास त्यांना मध्येच थांबता येईल हे विद्यार्थ्याकडून आधीच कबूल करून घ्या.