पेशीबाहेरचं एटीपी तोडणारी एन्झाइमं मेंदूत नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय, एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा असं शाळेपासून शिकलो, मग मेंदूत पेशीबाहेर एटीपी तोडणारी एन्झाइमं कशाला? सांडलेलं आवरायला का? आणि चहाचा याच्याशी खरंच संबंध आहे का?

आवराआवर होतेच, पण माझ्या मते ते या एन्झाइमांचं दुय्यम काम. एकाच रेणूतून ती वेगवेगळे निरोप तयार करतात, आणि मला या विषयाची ओढ लागली ती त्यामुळेच.

पेशीच्या आत एटीपीचं प्रमाण मिलिमोलरमध्ये असतं, बाहेर नॅनोमोलरमध्ये, म्हणजे लाखो पटींनी कमी. इतकी तफावत असल्यामुळे चिमूटभर एटीपी बाहेर आलं तरी शेजारच्या पेशींना लगेच कळतं. शास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक यांनी 1972 मध्ये एटीपीला चेतासंदेशक, म्हणजे चेतापेशींचा निरोप्या, म्हटलं तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. 1990 नंतरच्या दशकात त्याच्या रिसेप्टरांची (पेशीवरच्या, निरोप ओळखणाऱ्या प्रथिनांची) जनुकं हाती लागली आणि विरोध मावळला.

आता फॉस्फेट मोजा. एटीपीला तीन असतात. तिन्ही शाबूत असताना ते पी2एक्स रिसेप्टर उघडतं आणि पेशी उद्दीपित होते. एक तुटलं की एडीपी. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, पी2वाय12 या रिसेप्टरनं एडीपी ओळखतात आणि इजा झालेल्या जागेकडे आपले फाटे पसरतात. दुसरं तुटलं की एएमपी. शेवटचं फॉस्फेट सीडी73 हे एन्झाइम काढतं आणि उरतं अ‍ॅडिनोसिन. ते ए1 रिसेप्टरवर बसलं की चेतापेशी शांत होते. म्हणजे जो रेणू आधी पेशीला चेतवत होता, त्याचाच उरलेला भाग तिला आवरतो.

त्यातही कोणतं एन्झाइम हजर आहे यावर बरंच ठरतं. सीडी39 एटीपीची दोन फॉस्फेटं पाठोपाठ काढून थेट एएमपी सोडतं, मध्ये एडीपी फारसं साचू देत नाही. एनटीपीडेज2 मात्र पहिलं फॉस्फेट काढून जवळजवळ थांबतं, त्यामुळे एडीपी रेंगाळतं. बाहेर आलेलं एटीपी तेच, पण शेजाऱ्यांना मिळालेला निरोप वेगळा.

एमएस्सीला असताना आम्ही उंदराच्या मेंदूतल्या पेशीपटलांवर हे मोजायचो, मॅलॅकाइट ग्रीन हे रंगद्रव्य वापरून. फॉस्फेट सुटलं की पिवळट द्रावण हिरवं होतं. पहिले कित्येक दिवस एन्झाइम न घातलेल्या नळ्याही हिरव्यागार! शेवटी कळलं, काचेची भांडी धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट नडत होतं. भांडी आम्लात बुडवून, डिस्टिल्ड वॉटरनं विसळून घेतली, तेव्हा कुठे खरा रंग दिसला: सुरुवातीला पिवळा, पाच मिनिटांनी पोपटी, वीस मिनिटांनी गडद. पण या पद्धतीत सुटलेलं फॉस्फेट तेवढं कळतं, मागे एडीपी उरलंय की एएमपी ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजण्याची पद्धत) लागायचं, आणि मला खरं कुतूहल त्याच उरलेल्या रेणूचं होतं.

जिवंत ऊतकात हे सगळं फार झपाट्यानं होतं. संशोधक डनविडी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) कापांवर दाखवलं, की बाहेरून दिलेल्या एटीपीचं सेकंदाच्या आत अ‍ॅडिनोसिन होतं. एटीपी दिल्यावर संदेशवहन मंदावत होतं ते या अ‍ॅडिनोसिनमुळे. ए1 अडवल्यावर तो परिणाम दिसेना. पुढे 2020 मध्ये उंदरांवरच दिसलं, की चेतापेशी जास्त पेटल्या की मायक्रोग्लिया त्यांचं एटीपी सीडी39 नं तोडतात आणि त्यातून बनलेलं अ‍ॅडिनोसिन त्यांना आवर घालतं. मायक्रोग्लिया काढून टाकलेल्या उंदरांना उद्दीपकं दिल्यावर झटके येत होते.

मग सीडी39 ला कमी-जास्त करणारं औषध का देऊ नये, असं मनात येईल. अडचण अशी की हेच एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतं आणि एडीपी हटवून प्लेटलेटना (रक्त गोठवणाऱ्या पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही. मेंदूसाठी ते दाबायला जावं, तर गुठळ्यांचा धोका.

चहाचा संबंध आहे, फक्त तो एन्झाइमाशी नाही. चहातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या ए1 आणि ए2ए रिसेप्टरांवर जाऊन बसतं, त्यामुळे अ‍ॅडिनोसिनला जागा मिळत नाही. अ‍ॅडिनोसिन बनायचं काही थांबत नाही (थोडं तर पेशींमधून थेटही बाहेर येतं). कॅफिन उतरलं की ते त्या जागा घेतं आणि तुम्हाला पेंग येऊ लागते.