हिंजच्या भोकांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: साताऱ्यात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. महिन्याला कपाटांचे साधारण 40 पल्ले (दारं) होतात. ऑटो हिंजची (पल्ला आपोआप बंद करणाऱ्या बिजागरीची) भोकं हँड ड्रिलने मारतो, त्यात दोनेक पल्ले वाया जातात. हिंजची तिन्ही भोकं, मधलं मोठं आणि बाजूची दोन छोटी, एकदम मारणारं हिंज बोरिंग मशीन 1,35,000 रुपयांना मिळतंय. 7 टक्क्यांची दीड लाखाची एफडी मोडून घेऊ का? दुसरी शिल्लक नाही.

उत्तर: एफडी मोडू नका. मशीनही आत्ता घेऊ नका.

40 पल्ले म्हणजे सुमारे 100 भोकं. खुणा करण्यापासून धरलं तर प्रत्येक भोकामागे साडेचार मिनिटं वाचतील, म्हणजे महिन्याला साडेसात तास. एका कारागिराचा एक दिवस, 1,200 रुपये. वाया जाणारे दोन पल्ले दीड हजाराच्या हिशोबाने 3,000 रुपये. एकूण 4,200. या आकड्यावर मशीन 32 महिन्यांत फिटतं, आणि विक्रेत्याने तुम्हाला हाच हिशोब दाखवला असणार.

पण ते 3,000 वाचवायला मशीन लागत नाही. पल्ला वाया जातो तो बहुतेक वेळा खोली चुकल्यामुळे. 18 एमएमच्या प्लायमध्ये कपाला, म्हणजे हिंजच्या पल्ल्यात बसणाऱ्या गोल भागाला, 12-13 एमएम खोली पुरते. हात थोडा जास्त दाबला गेला की ड्रिलचं मधलं टोक पुढच्या मायकाला फुगवतं आणि तयार पल्ला भंगारात जातो. खोलीचा स्टॉपर असलेला जिग (ड्रिल ठरल्या जागी धरणारा साचा) आणि कार्बाइडचा चांगला 35 एमएम बिट घ्या. कपाची कड पल्ल्याच्या कडेपासून 5 एमएमवर हवी असेल, तर भोकाचा मध्य 22.5 एमएमवर येतो. जिग एकदा तिथे बसवला की खुणांचा वेळही वाचतो. काही हजारांत काम होतं.

मग मशीनच्या वाट्याला उरतात फार तर ते 1,200. त्यातून एफडीचं बुडणारं व्याज, महिन्याला जवळपास 790 रुपये, वजा करा. उरले 410. यासाठी घरची एकमेव शिल्लक लावायची? एखादं आजारपण आलं, किंवा गिऱ्हाइकाने दोन महिने पैसे अडकवले, तर मशीन विकून निम्मी किंमत तरी येईल का, याचीच मला काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट. मशीनमध्ये बाजूची दोन छोटी भोकं मारणाऱ्या स्पिंडलची मांडणी हिंजप्रमाणे बदलते: 45/9.5, 48/6, 52/5.5 (एमएममध्ये, पहिला आकडा त्या दोन भोकांमधलं अंतर, दुसरा कपाच्या मध्यापासून त्यांच्या रेषेपर्यंतचं). गिऱ्हाईक दर वेळी वेगळ्या कंपनीची हिंज आणून देत असेल आणि तुम्ही ती स्क्रूनेच बसवत असाल, तर ते दोन ड्रिल नुसते फिरत राहणार. आधी एकच हिंज ठरवा आणि कोटेशनमध्ये तीच लिहा.

सलग तीन महिने 150 च्या वर पल्ले गेले, किंवा शेजारच्या वर्कशॉपांची भोकं मारून देण्याचं काम पक्कं झालं, तर मशीन जरूर घ्या. तेव्हाही एफडीला हात नको. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे: अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर, आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजाने, 18 महिन्यांसाठी. तुमची एफडी 7 टक्के देते. मुद्रा कर्ज चालू असेल तर मात्र आधी ते फेडावं लागेल. नोंदणी जवळच्या सीएससी (सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या) केंद्रात होते, ती या आठवड्यातच करून टाका.