मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर कॅमेऱ्यांचा वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) केला, पण त्यांना आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही. राउटरही बदलावा लागेल का?

हो, राउटरला व्हीलॅन टॅग (८०२.१क्यू, म्हणजे डेटा कोणत्या व्हीलॅनचा ते सांगणारी खूण) कळत नसतील तर तो बहुधा बदलावा लागेल. साधा लेयर २ स्विच फक्त मधे भिंत घालतो. भिंतीपलीकडच्या कॅमेऱ्याला आयपी देणं आणि इंटरनेटपर्यंत पोचवणं हे राउटरचं काम, त्यासाठी त्याच्यावर प्रत्येक व्हीलॅनचा स्वतंत्र गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) लागतो. पण राउटरमध्ये ही सोय आधीच असेल तर खर्च करू नका, आधी स्विचची सेटिंग तपासा. समजा कॅमेऱ्यांचा व्हीलॅन २० आहे:

- राउटरकडे जाणारा पोर्ट २० साठी टॅग्ड हवा.
- कॅमेऱ्याचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड (बिनखुणेचा) हवा आणि त्याचा पीव्हीआयडीही (पोर्टवर आलेला बिनखुणेचा डेटा कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचा तो क्रमांक) २० हवा.

हा पीव्हीआयडी १ वरच राहून जातो, आणि गाडी बहुतेक वेळा इथेच अडते: कॅमेऱ्याची आयपीची मागणी व्हीलॅन १ मध्ये जाते, तिथलं उत्तर मात्र त्याच्या पोर्टवर येऊच शकत नाही. मग कॅमेरा थकून अनेकदा स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. तसा पत्ता दिसला तर पहिला संशय पीव्हीआयडीवरच घ्या.