शाळेच्या मेळाव्याला जावे की नाही?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मला शाळा सोडून 34 वर्षे झाली. वर्गातल्या काही जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट करून सर्वांना गोळा केले आहे आणि पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेतच स्नेहमेळावा ठरला आहे. आई-वडील गेल्यानंतर आम्ही तिथले घर विकले, त्यामुळे त्या गावात उतरायलाही आता माझे हक्काचे ठिकाण उरलेले नाही. गटावरची निम्मी नावे वाचून चेहरे आठवत नाहीत. मी अभ्यासात मागे होते, पुढेही नाव घेण्यासारखे काही हातून घडले नाही. “सध्या काय करतेस?” असे कोणी विचारले तर काय सांगावे, या विचारानेच मन मागे सरते. जावे की नाही?

उत्तर : जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुम्ही स्वतःचा हिशेब द्यायला निघाल्यासारखी तयारी करत आहात, ती आधी बाजूला ठेवा. आपल्या लहानपणाचा बराचसा भाग आपल्यापाशी नसतोच. तो त्या वेळी शेजारच्या बाकावर बसलेल्यांपाशी असतो, आणि तो ऐकायला दुसरी जागा नाही. तेव्हा सांगण्यासाठी नव्हे, तर विचारण्यासाठी जा.

चेहऱ्यांची काळजी तर सोडूनच द्या. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 392 माजी विद्यार्थ्यांना त्यांच्या शालेय वार्षिकांतली छायाचित्रे दाखवली होती. मनाने नावे आठवून सांगताना लोक अडखळले, पण वर्गसोबत्यांचे चेहरे ओळखण्याची क्षमता शाळा सोडून सुमारे 35 वर्षे होईपर्यंत जवळपास शाबूत होती. ती छायाचित्रे शाळेतल्या वयाची होती, हे येथे महत्त्वाचे आहे. म्हणून संयोजकांना एवढेच सुचवा की प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्टीवर नावासोबत शाळेतल्या जुन्या सामूहिक छायाचित्रातला त्याचा चेहराही छापावा. पांढऱ्या केसांखालचा माणूस मग आपोआप सापडतो.

अभ्यासात मागे असल्याचा जो सल तुम्ही जपला आहे, त्याविषयी माझाच अनुभव सांगते. सातवीत असताना मोठ्याने धडा वाचताना मी एका शब्दावर अडले, तीनदा प्रयत्न करूनही तो उच्चारता आला नाही आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी वर्षे चारचौघांत कागद वाचायची वेळ आली की माझे तळहात ओले होत. अठ्ठावीस वर्षांनी आमचा मेळावा झाला तेव्हा धीर करून मी तो प्रसंग काढला. कोणालाच तो आठवत नव्हता. उलट मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा म्हणाला, “तू परीक्षेच्या दिवशी मला तुझे कर्कटक द्यायचीस. टोकाला कागद गुंडाळून, मला लागू नये म्हणून.” मला यातले काहीच आठवत नव्हते. आपल्याकडे इतरांचे किती लक्ष असते याचा आपला अंदाज फार फुगलेला असतो. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत शिरलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की ते चित्र निम्म्या लोकांनी तरी पाहिले असेल. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या ध्यानात आले होते. “सध्या काय करतेस?” याला दोन वाक्यांत खरे उत्तर द्या आणि लगेच समोरच्याला त्याच्या आठवणी विचारा.

घराचा विषय मात्र खरोखर अवघड आहे, आणि मेळाव्याच्या दिवशी तो अंगावर घेऊ नये. आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचा, राहण्याची सोय स्वतंत्र ठेवा, आणि उजेड असताना एकटीनेच घरावरून एक फेरी मारून या. दाराला नवा रंग असेल, खिडकी बुजवलेली असेल. रडू आले तर तिथेच येऊ द्या. सकाळी घर पाहून थेट मेळाव्यात गेलात, तर दिवसभर लोकांशी बोलताना मन त्या दारापाशीच राहील. शाळेतही थोडे लवकर जाऊन आपल्या वर्गात बसा. गॉडन आणि बॅडली यांच्या 1975 च्या प्रयोगात पाणबुड्यांनी पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच अधिक आठवले होते. जागेचा स्मृतीवर असा अंमल असतो. घरी बसून न आठवलेली नावे त्या बाकावर बसल्यावर आठवण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : शाळेत असताना आम्ही तिघे-चौघे एका मुलाला त्याच्या तोतरेपणावरून रोज चिडवत असू. तोही या वेळी मेळाव्याला येणार आहे. व्यासपीठावरून, सर्वांसमोर त्याची क्षमा मागावी असे माझ्या मनात आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : तुमच्या मनातली टोचणी खरी आहे, पण सर्वांसमोर नको. जे विसरले असतील त्यांनाही त्याचे तोतरेपण पुन्हा आठवेल, आणि शंभर डोळे रोखलेले असताना त्याला क्षमा करण्यावाचून दुसरा मार्ग उरणार नाही. मेळाव्याच्या आठ-दहा दिवस आधी त्याला थोडक्यात पत्र लिहा. आपण काय करत होतो ते नेमक्या शब्दांत लिहा, “लहान होतो, समज नव्हती” हे वाक्य घालू नका, आणि उत्तराची अपेक्षा नसल्याचे कळवा. तुम्हाला पाहावे लागेल म्हणून तो येण्याचे टाळत असेल, तर त्यालाही विचार करायला वेळ मिळेल. तो आपणहून बोलला, तर त्याची हकिगत तुमच्या आठवणीपेक्षा कितीही कठोर असली तरी मध्येच दुरुस्त करू नका. त्या दिवसांचा त्याच्याकडचा भाग तुम्ही कधी ऐकलेलाच नाही. आणि मेळाव्यात जुन्या टोळीतल्या कोणी त्याचे ते टोपणनाव घेतले, तर त्याला तिथल्या तिथे थांबवण्याचे काम तुमचे आहे.