पवनचक्की आणि लाटांचं यंत्र एकाच तराफ्यावर बसतं का? अप्पर वर्धा धरणावर चालेल का? मॉडेल कसं करावं?

तुम्ही मोर्शीकडचे आहात, डिप्लोमाच्या प्रकल्पाला हा विषय घेतलाय आणि धरणावर जमेल का असं विचारलंय. धरणाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे चार महिने वाया जायचे नाहीत. लाटांची वीज तिथे होणार नाही.

आकडेच पाहा. खोल पाण्यात लाटेच्या दर मीटर रुंदीमागे येणारी शक्ती, किलोवॉटमध्ये, साधारण ०.४९ × उंचीचा वर्ग × आवर्तकाल (एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ). उंची मीटरमध्ये, काळ सेकंदात. धरणावर वारा सुटला आणि फूटभर, म्हणजे ०.३ मीटरची, दोन सेकंदांची लाट उठली तर उत्तर येतं ८८ वॉट. त्यातला चौथा हिस्सा यंत्राने पकडला तरी मीटरमागे २२ वॉट, दोन एलईडी बल्बांपुरते. उघड्या समुद्रातली ३ मीटर उंच, ९ सेकंदांची लाट घ्या. तिथे मीटरमागे जवळपास ४० किलोवॉट येतात. हा साडेचारशे पटीचा फरक लाटेला वाढायला किती मोकळं पाणी मिळतं त्यावर ठरतो, आणि धरणात ते फार तर काही किलोमीटर असतं. पाण्यावर वीजच करायची असेल तर सोलर पॅनल तरंगवा. तेलंगणात रामगुंडमला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या जलाशयावर १०० मेगावॉटचा असा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे.

आता समुद्राचं. साधारण ६० मीटरपेक्षा खोल पाण्यात तळावर खांब रोवणं परवडत नाही, म्हणून पवनचक्की तरंगवतात. स्कॉटलंडजवळ हायविंड प्रकल्पाच्या ६ मेगावॉटच्या पाच चक्क्या २०१७ पासून तरंगताहेत, पोर्तुगालजवळ विंडफ्लोट अटलांटिक प्रकल्पाच्या ८.४ मेगावॉटच्या तीन २०२० पासून. नांगर, साखळ्या, समुद्राखालची केबल, दुरुस्तीची बोट हा सगळा खर्च पवनचक्कीसाठी होतोच, मग त्याच तराफ्यावर लाटांचंही यंत्र का नको, असा हा विचार. शिवाय वारा पडला तरी लाटा काही तास चालू राहतात, त्यामुळे वीज एकदम शून्यावर येत नाही.

कपाशीत तूर घेतो तसंच हे आंतरपीक. फक्त तूर किती येणार ते आधी मोजा. ५० मीटर रुंद तराफ्यावर वरच्या ४० किलोवॉटच्या हिशोबाने २ मेगावॉट आदळतात, चौथा हिस्सा पकडला तर ५०० किलोवॉट. शेजारी चक्की ८ मेगावॉटची. आणि ३ मीटरची लाट काही रोज नसते.

खरी अडचण वेगळीच आहे. पवनचक्कीला तराफा स्थिर हवा, लाटांच्या यंत्राला तो हलायला हवा. वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपल्यासारखं होतं. समुद्रातल्या जोरदार लाटा बहुतेक ५ ते १५ सेकंदांच्या. पवनचक्कीचा तराफा मुद्दाम असा घडवतात की त्याचा स्वतःचा वर-खाली झोका २० सेकंदांच्या आसपास जावा, म्हणजे लाट त्याला झुलवू शकत नाही. लाटांचं यंत्र मात्र लाटेच्या तालाशी जुळलं तरच कमावतं. म्हणून तराफा शांत ठेवायचा आणि त्याला बिजागरीने जोडलेले तरंगते हात तेवढे हलवायचे. डेन्मार्कच्या ३७ मीटर रुंद पोसायडन तराफ्यावर हीच रचना होती, वर ११ किलोवॉटच्या तीन चक्क्या.

चक्कीची स्वतःची खोडही आहे. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की कंट्रोलर पात्यांचा कोन वळवून वीज स्थिर ठेवतो. तराफा वाऱ्याच्या दिशेने पुढे झुकला की पात्यांना वारा जास्त लागतो, कंट्रोलर पाती आणखी वळवतो, वाऱ्याचा मागे रेटणारा जोर घटतो आणि तराफा अजूनच पुढे जातो. झोका वाढत जातो. उपाय एवढाच की कंट्रोलरची चाल तराफ्याच्या झोक्यापेक्षा संथ ठेवायची. लाटांच्या यंत्राचं बिघडतं ते वादळात. २ मीटरच्या लाटेवर कमवायचं आणि १० मीटरच्या लाटेत टिकायचं, म्हणजे उंचीच्या वर्गाने पंचवीस पट मार. वादळाशिवायही हा धंदा अवघडच: पोर्तुगालला पेलामिस कंपनीची ७५० किलोवॉटची लाटांची तीन यंत्रं २००८ मध्ये बसवली, बेअरिंगचा बिघाड आणि पैशाची अडचण यांमुळे काही महिन्यांत बंद पडली, कंपनी २०१४ मध्ये बुडाली.

मॉडेल १:१०० प्रमाणात करा, कारण वेळेचं प्रमाण √१०० म्हणजे १० येतं आणि हिशोब तोंडी होतो. समुद्रातले १० सेकंद म्हणजे तुमच्याकडे १ सेकंद. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे ३५ सेंटिमीटरचे तीन तुकडे, दोन्हीकडे एंड कॅप, त्रिकोणात ५५ सेंटिमीटर अंतरावर जोडलेले. तळाशी वाळू भरा, पाइप २० सेंटिमीटर बुडाले पाहिजेत, एकूण वजन साडेपाच-पावणेसहा किलो. मध्ये मीटरभर बांबूची काडी, टोकाला अर्धा किलो. पंखा लावू नका, इतक्या छोट्या पात्यांवर वारा खऱ्यासारखा वागत नाही. त्याऐवजी टोकाला दोरी बांधून कप्पीवरून १३० ग्रॅम टांगा, मॉडेल सात-आठ अंश कलेल. तेवढंच कलायला हवं.

आता गंमत. मॉडेल हाताने दाबून सोडा आणि झोका मोजा. सेकंदाच्या आतबाहेर येईल, म्हणजे बरोबर लाटेच्या तालावर. मग प्रत्येक पाइपच्या तळाला २५ सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती लावा, पत्र्याचं वजन वाळूतून वजा करून. चकतीबरोबर खालचं पाणीही ढकलावं लागतं, म्हणून झोका दीड-पावणेदोन सेकंदांवर जातो. आधी उड्या मारणारं मॉडेल त्याच लाटेत बरंच शांत राहतं. परीक्षकांना हेच दाखवा.

लाटेसाठी हौदाच्या टोकाला बिजागरीवर प्लायवूडची फळी, मोबाइलवर मिनिटाला ६० ठोके लावून त्या तालावर ती हलवा. एक सेकंदाची लाट दीड मीटर लांब होते, म्हणून पाणी निदान ८० सेंटिमीटर हवं. समोरच्या टोकाला पऱ्हाटीच्या पेंढ्या तिरप्या रचा, नाहीतर लाट आपटून परत येते आणि सगळी मापं बिघडतात. हौद नसेल आणि शेततळं वापरणार असाल तर कडेचं प्लास्टिक निसरडं असतं, कमरेला दोर बांधून आणि काठावर दुसरा माणूस असतानाच उतरा.

लाटांचा हात म्हणजे थर्माकोलचा ठोकळा आणि बिजागरी, वीज काढणारा भाग म्हणून सिरिंज. या प्रमाणात शक्ती एक कोटी पटींनी मोजतात. मॉडेलवर ०.०५ वॉट मिळाले तर ते ५०० किलोवॉट. इतक्या बारीक मापात सिरिंजच्या रबराचं घर्षणच निम्मी शक्ती खाऊ शकतं, म्हणून आधी सिरिंज कोरडी ढकलून किती ग्रॅम जोर लागतो ते काट्यावर मोजा आणि वेगळं लिहून ठेवा.