विशेष वर्गातल्या मुलांना गृहपाठ द्यावा का? किती आणि कसला?

नव्यानेच विशेष वर्ग हाती आलाय, नऊ मुलं नऊ तऱ्हांची, निम्मे पालक गृहपाठ मागतात आणि निम्मे नको म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

माझं मत : द्या, पण मूल जे वर्गात तुमच्या मदतीशिवाय करतं तेवढंच.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पहिल्या वर्षी हातच्याची वजाबाकी शिकवली आणि त्याच दिवशी दहा गणितं घरी दिली. दुसऱ्या दिवशी एका मुलाची सगळी उत्तरं बरोबर, फक्त अक्षर आईचं! एका मुलीने मात्र खरंच एकटीने केली होती. 52 वजा 38, उत्तर 26. प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा. दहाच्या दहा गणितांत तिने चुकीचाच सराव केला होता, आणि तो मोडायला मला तीन आठवडे लागले. तेव्हापासून दहापैकी आठ-नऊ वेळा वर्गात जमल्याशिवाय कुठलीच गोष्ट घरी पाठवत नाही.

प्रमाण गणितांच्या संख्येवर नाही, मिनिटांवर ठरवा. वाचन अक्षमता असलेल्या मुलाला एका पानाला किती वेळ लागतो ते वर्गात घड्याळ लावून बघा, अंदाज साफ कोसळतो. अवधान कमी असलेल्या काही मुलांचं सकाळचं औषध संध्याकाळपर्यंत उतरलेलं असतं. वर्गात दहा मिनिटांत होणारं काम घरी तासभर रेंगाळतं ते आळसामुळे नव्हे. इयत्तेमागे रोज 10 मिनिटं (पहिलीला 10, दुसरीला 20) हा अमेरिकेतला प्रसिद्ध ठोकताळा आपल्या वर्गाला लावू नका. तिथलेच संशोधक हॅरिस कूपर यांनी 2006 साली जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही प्राथमिक वयात गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध माध्यमिकपेक्षा बराच क्षीण दिसला होता.

गृहपाठाचा खरा उपयोग मला वेगळ्याच जागी दिसतो. स्वमग्न मूल वर्गात लाल ठोकळे पाचपर्यंत बिनचूक मोजतं आणि घरी पाच चमचे मागितले की गोंधळतं. शिकलेलं ठोकळ्यांनाच चिकटून राहतं. म्हणून त्याचा गृहपाठ वहीत नसतो : जेवायला माणसं तितके चमचे मांड. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला शर्टाचं बटण शिकवताना आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. बटण अर्धं काजात मोठ्या माणसाने घालायचं, शेवटचं ओढणं तिचं. मग हळूहळू एकेक पायरी मागे. हे घरी रोज सकाळी आपसूक होतं, वेगळा वेळ लागत नाही. आयईपीतलं, म्हणजे त्या मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं, एखादं उद्दिष्ट यात बसतंय का तेवढं पाहा.

उत्तर आईने लिहून दिलं तर चालेल का? विज्ञान तपासायचं असेल तर खुशाल; मूल सांगेल, आई लिहील, किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करू दे. लेखनच शिकवायचं असेल तर अर्थातच नाही.

पालकांसाठी मी वहीच्या कोपऱ्यात तीन चौकोन छापून घेतलेत : एकट्याने केलं, मदत लागली, सोडून दिलं. एकावर खूण करायची, बस. तिसऱ्यावर खूण आली की मी मुलाला काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी तोच भाग वर्गात पुन्हा घेते. वेळ संपली की वही मिटा, हे मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकते. गृहपाठ मागणारे पालक सुरुवातीला नाराज होतात, तुमचेही होतील.